घरच्या गाडीला नंबर नसतो

माझ्या धाकट्याला कुठलीही गोष्ट गुपचूप करता येत नाही. शिंकला तरी चार माणसं गोळा करून शिंकतो. लहानपणी दात पडला तर गल्लीभर दाखवत फिरला. लग्न ठरलं तेव्हा ते माझ्याआधी समोरच्या गॅरेजवाल्याला ठाऊक होतं. त्यामुळे आपली गाडी दान करायचं त्याने ठरवलं, तेही मला जेवणाच्या टेबलावर, त्याच्या सासू-सासऱ्यांच्या देखत कळलं. माझ्या तोंडात घास होता. समोरच्याच्या तोंडात घास असताना बातमी द्यायची, म्हणजे त्याला लगेच उलटून बोलता येत नाही, ही त्याची जुनी युक्ती.

"आई, मी गाडी देऊन टाकतोय. संस्थेला."

घास गिळून मी विचारलं, "कुठली?"

"ती नाही का, अंथरुणावरच्या पेशंटना घरून दवाखान्यात नेते-आणते, ती संस्था."

"संस्था नाही विचारली मी. गाडी कुठली?"

"आपली कूपे."

आपली म्हणाला. एरवी ती 'माझी' असते.

सासरे म्हणाले, "वा, मोठं मन आहे जावईबापूंचं." सासूबाईंनी मान हलवली. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं.

ही कूपे म्हणजे दोन दारांची, नाक जमिनीला टेकवून उभी राहणारी गाडी. मागे सीट म्हणून जे काही आहे, त्यावर फार तर एखादी पिशवी मावते. पाच वर्षांपूर्वी घेतली तेव्हाही ती जुनीच होती, पण मोठ्या घराण्यातली, त्यामुळे रस्त्यात लोक माना वळवून बघायचे. त्याला तेवढंच हवं होतं. आत बसायचं तर आधी बूड टाकायचं, मग डोकं वाकवायचं, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा. उतरताना हेच सगळं उलट्या क्रमाने, आणि माझ्या गुडघ्यांना उलटा क्रम जमत नाही.

गाडी का जातेय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सूनबाईला पुन्हा दिवस गेले होते. दोन पोरं त्या गाडीत बसणार कुठे? आणि विकायची म्हटली तर घेतल्याच्या निम्म्या किमतीलाही गेली नसती, मग धंद्यातले लोक म्हणाले असते, साहेब फसले. साहेब म्हणजे हाच, कारखान्यात त्याला सगळे पाठीमागे साहेब म्हणतात. दान दिली म्हटलं की किती आले, हे कुणी विचारत नाही. मी हे त्या दिवशी सासऱ्यांसमोर बोलले नाही. सुनेच्या माहेरच्यांसमोर मुलाचं पितळ उघडं पाडायचं नाही, एवढं मला समजतं. शाळेत मी दोनच वर्षं गेले, पण हे काही शाळेत शिकवत नाहीत.

आमचा कारखाना गाड्यांच्या सीटा शिवायचा. ह्यांनी एका मशीनवर सुरू केला आणि दहा मशीनं होईपर्यंत राहिले नाहीत. पुढचं मी बघितलं. थोरली माझी मुलगी, तिच्याकडे माल आणायचं आणि कारागिरांचं काम. धाकटा काउंटरला बसतो, कारण त्याला बोलता येतं आणि शर्टाला इस्त्री ठेवता येते. सगळ्यात जुना कारागीर खिळेमामा. बारीक खिळे ओठात धरून काम करतो म्हणून खिळेमामा. खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल.

आमच्या दोन पद्धती आहेत. गाडी आली की सीटा काढायच्या आणि लगेच सीटेच्या पाठीवर आणि गाडीच्या काचेवर खडूने एकच नंबर घालायचा, म्हणजे कुणाचं कुणाला जात नाही. आणि काम झालं की गाडी अंगणातून बाहेर पडायच्या आधी मी त्या सीटेवर बसायचं. मी बसून उठले नाही तोवर चावी हातात द्यायची नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी शिवत नाही, पण बसायला डोळे लागत नाहीत.

संस्थेच्या ताई दुसऱ्याच दिवशी आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात नर्स घालतात तसले पांढरे बूट, कारण त्या आधी नर्सच होत्या. बसने आल्या होत्या. धाकट्याने त्यांना गाडीभोवती तीन फेऱ्या मारायला लावल्या, छप्पर दाखवलं, इंजिनाचा आवाज ऐकवला. ताई सगळं नीट बघत होत्या, जसे पेशंटचे जुने कागद बघावेत.

मग म्हणाल्या, "छान आहे. फोटो काढते आणि आजच विकायला लावते."

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "विकणार तुम्ही?"

"हो. व्हॅन घ्यायचीय."

"पण मला वाटलं, संस्थेकडे राहील. संस्थेच्या कामाला."

मी म्हटलं, "मग काय त्यात पेशंट गुंडाळून ठेवणार? की टपावर बांधून नेणार?"

ताई हसल्या नाहीत, पण त्यांनी मला खुर्ची सरकवून दिली. मग बसून सांगितलं. त्यांच्या व्हॅनचं इंजिन बसलंय. चौदा पेशंट आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागतात. त्यांतले नऊ जिना उतरू शकत नाहीत, त्यांना खुर्चीसकट उचलून आणतात. सध्या एकाची व्हॅन मागून आणलीय, ती महिनाअखेर परत करायची.

"आणि त्यानंतर?" मी विचारलं.

"त्यानंतर मला चौदा घरी फोन करून सांगावं लागेल की तुमचं तुम्ही बघा."

महिनाअखेरीला नऊ दिवस होते.

चार दिवसांनी गिऱ्हाईक मिळालं. एक दाताचे डॉक्टर. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. फोटो बघून फोनवर म्हणाले म्हणे, गाडी ठीकच आहे, पण सीटांची शिलाई बघून मी थांबलो, असं काम आता कुणी करत नाही. ताईंनी हे धाकट्याला सांगितलं, धाकट्याने मला सांगितलं. त्या सीटा मी शिवल्या होत्या. गाडी आली तेव्हा त्या उंदरांनी खाल्ल्यासारख्या होत्या. जुन्या विटेच्या रंगाचं कातडं मी स्वतः जाऊन निवडलं आणि अकरा आठवडे हाताने दुहेरी शिलाई घातली. त्यानंतर डोळ्यांनी हात टेकले. त्या दाताच्या डॉक्टरांचं ऐकून मी म्हटलं, "माणसाला समजतंय." धाकटा काही बोलला नाही. तो काही बोलला नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी ताई आणि डॉक्टर आले. डॉक्टर चाळिशीचे, सडपातळ, आल्याआल्या सगळ्यांचे दात बघणारे. त्यांच्या हातात पाकीट होतं, ताईंच्या हातात कागद. डॉक्टरांनी आधी इंजिन बघायचं म्हणून बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. ताई शेजारी उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "तोवर मी बसून घेते."

धाकटा म्हणाला, "आई, राहू दे ना. गुडघे दुखतील."

"गुडघे माझे आहेत."

"गिऱ्हाइकाची गाडी थोडीच आहे? घरची आहे."

"घरची होती. आता चाललीय."

बूड टाकलं, डोकं वाकवलं, पाय आत घेतले. बसले.

खरं कातडं अंगाखाली आधी थंड लागतं आणि मग हळूहळू माणसाची ऊब घेतं. हे लगेच कोमट झालं. माझी शिलाई मांडीखाली दोन बारीक दोऱ्या ताणल्यासारखी जाणवते. इथे एकच होती. मी बोट कडेने फिरवलं. टाके एकसारखे, मशीनचे. रंग बरोबर जुन्या विटेचा, आणि रेक्झिन. आमच्याच कारखान्यातलं, चांगलं, पण रेक्झिन.

बॉनेट उघडं होतं म्हणून समोरून आम्ही कुणाला दिसत नव्हतो. धाकटा दाराशी वाकून उभा होता.

"खाली काय आहे?" मी विचारलं.

"कुठे खाली?"

"माझ्या बुडाखाली."

"आई, हळू बोल."

"हळूच बोलतेय. जोरात बोलेन तेव्हा तुला कळेल."

त्याने एकदा बॉनेटकडे बघितलं. "वर माळ्यावर आहेत. चादरीत गुंडाळून नीट ठेवल्यात. गुरुवारी काढल्या."

गुरुवारी मी डोळे दाखवायला गेले होते.

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? गाडी दिली ना मी. इंजिन, चाकं, काचा, सगळं आहे तसं आहे. सीटा आपल्या. आणि रिकामी नाही दिली, नव्या कोऱ्या शिवून घातल्या."

तो खोटं बोलत नव्हता. हेच तर अवघड होतं. दुसऱ्या कुठल्या घरातला मुलगा असता तर त्याला गाडी म्हणजे सीटांसकट गाडी वाटली असती. आमच्या अंगणात दिवसभर गाड्या नुसत्या सांगाड्यासारख्या उभ्या असतात आणि सीटा आत शेडमध्ये ओळीने बसलेल्या असतात. हा त्या ओळीत लपाछपी खेळत मोठा झाला. त्याच्या लेखी गाडी वेगळी आणि सीट वेगळी, कुठली कुणाची हे खडू सांगतो. आणि घरच्या गाडीला आम्ही खडू लावत नाही.

"शिवाय त्या तू शिवल्यात," तो म्हणाला. "तुझं शेवटचं काम. ताई विकणार म्हणाल्या तेव्हापासून मला राहवेना. हा कोण कुठला दातवाला, त्याने त्यावर बसून फिरायचं?"

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एक श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढा वेळ बरं वाटलं.

तेवढ्यात बॉनेटमागून डॉक्टरांचा आवाज आला. "इंजिन मस्त ठेवलंय. आजी उठल्या की मी जरा बसून बघतो, आणि मग सह्या करून टाकू."

म्हणजे मी बसून होते तोवर सगळं झाकलेलं होतं. डॉक्टरांना कळलं असतं का? फोटो बघून शिलाईवर भाळणारा माणूस, कदाचित कळलं असतं. पण दहांतल्या नऊ जणांना रंग जुळला की पुढचं कळत नाही, आणि माणूस आनंदात असला तर दहाव्यालाही कळत नाही. मी गप्प राहिले असते तर अर्ध्या तासात ताईंची व्हॅन होती, धाकट्याचं नाव होतं आणि माझं काम माझ्या माळ्यावर होतं. तोंड उघडलं असतं तर ताईंना चौदा घरी फोन करावे लागले असते. धाकट्याला हे माझ्या तोंडावर वाचता येत होतं. तो हळूच म्हणाला, "त्या बाईंचा तरी विचार कर."

स्वतः खड्डा खणायचा आणि त्यात दुसऱ्याची खुर्ची ठेवायची. हे त्याने ह्यांच्याकडून घेतलेलं नाही आणि माझ्याकडूनही नाही.

"डॉक्टर," मी हाक मारली, "बॉनेट टाका खाली आणि इकडे या. ताई, तुम्हीपण."

दोघं आले. मी बसल्या जागेवरून सांगितलं. "ह्या फोटोतल्या सीटा नाहीत. त्या परवा काढल्या. हे रेक्झिन आहे. माझ्या मुलाने बदलल्यात, तुम्हाला सांगायचं राहिलं."

'राहिलं' म्हटलं. तेवढी आई होतेच.

डॉक्टरांनी सीटेच्या कडेला हात लावला, वास घेतला आणि मागे सरकले. "मग आणखी काय काय बदललंय?"

धाकटा म्हणाला, "काही नाही हो. मी शपथेवर सांगतो."

"सीटांचंही तुम्ही सांगितलं नव्हतंत." त्यांनी पाकीट खिशात घातलं. "ताई, सॉरी. मला वाटतं आपण राहू देऊ या. अशा गाडीत एक गोष्ट निघाली की मन लागत नाही."

ताईंनी गयावया केली नाही. धाकट्याकडे एकदा बघितलं आणि काउंटरसमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. पर्समधून एक छोटी वही काढून उघडली. त्यात ते चौदा नंबर असावेत.

खिळेमामा शेडच्या दारात उभा होता. मी त्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्याने ओठातले खिळे हातात काढले. "साहेब म्हणाले घरची गाडी आहे, वहिनी. घरच्या गाडीला नंबर नसतो."

"नंबर नसतो म्हणून मालकही नसतो का?"

त्याने खिळे परत ओठात घातले.

डॉक्टर फाटकाकडे निघाले होते. मी म्हटलं, "डॉक्टर, दात काढला की पेशंटला दाखवता की नाही?"

ते थांबले. "दाखवतो."

"मग आमचा काढलेलाही बघून जा. आलाच आहात तर."

ते हसले नसते तर गेले असते. थोडंसं हसले. थोरलीने आणि खिळेमामाने माळ्यावरून सीटा आणल्या, बाकाशेजारी टेकवल्या, चादर काढली. डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि एका टाक्यापासून पुढे नख फिरवत गेले, पार टोकापर्यंत.

"हे हाताने शिवलंय?"

"पायाने शिवायला मला कुणी शिकवलं नाही."

"तुम्ही?"

"मी."

त्यांनी दुसऱ्या सीटेवरही तसंच नख फिरवलं. मग उठून म्हणाले, "ह्या गाडीत परत बसतील?"

"त्यातल्याच आहेत. दोन तास लागतील. तुम्ही समोर उभे राहा आणि बघा, म्हणजे मन लागेल."

खिळेमामा पाना आणायला वळला. मी म्हटलं, "तुम्ही थांबा. ह्याने काढायला लावल्या, हाच बसवेल."

धाकट्याने आपल्या शर्टाकडे बघितलं. इस्त्रीचा, फिका निळा. बघून झाल्यावर बाह्या दुमडल्या.

पण आधी मला बाहेर काढायला हवं होतं. गुडघे अडकून बसले होते. धाकट्याने हात धरून ओढलं, थोरलीने दुसरा धरला, मी तिथल्या तिथे. तेव्हा ताई वही मिटून उठल्या. दोघांना बाजूला केलं, एक हात माझ्या काखेखाली घातला, एक मांडीखाली, आणि कानाशी म्हणाल्या, "मी तीन म्हणाले की श्वास सोडा." दोन म्हणेपर्यंत मी बाहेर उभी होते. ताई चौदा माणसं नेतात-आणतात म्हणजे काय, हे मला ऐकून जेवढं कळलं नव्हतं तेवढं तेव्हा कळलं.

सीटा बसवायला दोन नाही, पावणेतीन तास लागले. धाकट्याला बोल्टाचा आकार आठवेना. चुकीचा पाना लावून त्याने बोटांची सालटी काढून घेतली. खिळेमामा न बोलता बरोबर पाना पुढे करत होता. सीट रुळावर सरकेना तेव्हा तो जमिनीवर आडवा झाला आणि मान आत घालून बघायला लागला. सूनबाई वरून खिडकीतून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काही दुःख दिसत नव्हतं. डॉक्टर सगळा वेळ तिथेच उभे होते. मधे एकदा त्यांनी स्वतःच टॉर्च धरला.

झाल्यावर मी बसले नाही. डॉक्टरांना म्हटलं, "आज तुम्ही बसा." ते बसले. दार ओढून घेतलं, हात मांडीवर ठेवले, आणि इंजिन सुरू न करताच दोन-तीन मिनिटं तसेच बसून होते. मग उतरून बाकावर कागद ठेवले, सह्या केल्या, पाकीट ताईंना दिलं. ताईंनी पाकीट पर्समध्ये घातलं आणि वही त्याच्यावर ठेवली.

"व्हॅन बघून ठेवलीय," त्या मला म्हणाल्या. "सोमवारी आणते." धाकट्यालाही त्यांनी नमस्कार केला. आभार मानले की नाही ते मला ऐकू आलं नाही.

गाडी फाटकातून वळली तेव्हा समोरचा गॅरेजवाला बाहेर येऊन बघत होता. धाकट्याने त्याच्याकडे हात केला नाही.

तो नळाशी जाऊन हात धुवायला लागला. काळं निघत नव्हतं. निळ्या शर्टाच्या पाठीवर जमिनीचा नकाशा उमटला होता. मी जवळ जाऊन उभी राहिले, तर वर न बघताच म्हणाला, "झालं समाधान? चारचौघांत माझी शोभा केलीस. मी काय चोरी केली होती? तुझीच आठवण ठेवत होतो."

"चोर नाही म्हणत मी तुला," मी म्हटलं. "चोराला निदान ठाऊक असतं, वस्तू दुसऱ्याची आहे म्हणून. आणि माझी आठवण ठेवायला मी अजून मेलेले नाही. तीस वर्षं शिवलं ते सगळं लोकांच्या गाड्यांतून निघून गेलं, एक तुकडा घरात नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. माझं नाव मध्ये घातलंस ते मी विरघळावं म्हणून. ती बाई बाकावर वही उघडून बसली होती तेव्हा तू शर्टाकडे बघत होतास. आता ऐक. सोमवारपासून काउंटरला तुझी बहीण बसेल आणि तू आत. जी गाडी येईल तिच्या सीटा तू काढायच्या आणि त्याच गाडीत तूच बसवायच्या. किती दिवस ते विचारायचं नाही, पुरे झालं की मी सांगेन. आणि गाडी दान केली असं लोकांना सांगत फिरायचं असेल तर खुशाल फीर, पण आज दुपारी दिली असं सांग. सकाळपर्यंत तू ती दिलेली नव्हतीस."